काळ्या दख्खनी मेंढ्यांचा लहान कळप : सांगोला तालुक्यातील एका कुटुंबाचे प्रकरण

सांगोला तालुक्याच्या दक्षिण भागातील एका कुटुंबाने बारा मेंढ्या आणि एक एडका (नर मेंढा) घेऊन काळ्या दख्खनी मेंढ्यांचा, त्यातही सोलापुरी उपजातीचा, कळप सुरू केला. त्याला आता अडीच वर्षे होत आली आहेत. हे प्रकरण तपशिलाने लिहून ठेवण्याचे कारण असे की, दुर्मिळ होत चाललेली जात पाळू पाहणाऱ्या बहुतेकांचे लक्ष मेंढ्या कुठे मिळतील आणि गोठा कसा बांधावा याकडे असते. लहान कळपाचे भवितव्य मात्र एडका कोणता, तो किती दिवस ठेवायचा आणि त्याच्यानंतरचा कुठून आणायचा यावर ठरते. या कुटुंबाला हा प्रश्न पहिल्याच वर्षी भेडसावला आणि त्यांनी तो ज्या पद्धतीने सोडवला ती इतरांना उपयोगी पडण्याजोगी आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव आणि नावे दिलेली नाहीत.

परिस्थिती

कुटुंबाकडे सहा एकर जमीन आहे. त्यातील दोन एकरांवर डाळिंबाची बाग होती, परंतु तेल्या रोगाने सलग दोन बहार वाया गेल्यानंतर ती काढून टाकावी लागली. उरलेल्या जमिनीपैकी निम्मी मुरमाड आहे आणि तिच्यावर पावसाच्या भरवशाची ज्वारी, मटकी व तूर यांपलीकडे काही येत नाही. तालुक्यात पाऊस सरासरीने ५०० मि.मी.च्या आसपास पडतो आणि तोही जून-जुलैमध्ये दडी मारून बहुतांशी सप्टेंबरात कोसळतो. घरातील कर्ता पुरुष अनेक वर्षे सोलापूर शहरात यंत्रमागावर चादरी विणण्याच्या कामाला होता. त्याची पत्नी शेती पाहत होती आणि त्याची आई, जिला गावातील लहानथोर आक्का म्हणतात, अजूनही टकळीवर लोकरीचे सूत काढते. आजोबांच्या काळी घरात मोठा कळप होता आणि दिवाळीनंतर वाडा (मेंढ्यांचा फिरता तळ) घेऊन भीमेकाठी उतरण्याची रीत होती. ती मोडून दोन पिढ्या झाल्या. आता वाडा घेऊन हिंडणे कोणालाच शक्य नव्हते, कारण मुले शाळेत होती. म्हणून घरी राहून, दिवसा चारून रात्री बांधता येईल एवढाच कळप हवा होता.

कोणती मेंढी

कागदावर पाहता दख्खनी मेंढी दुर्मिळ नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या नोंदल्या गेल्या आणि त्यांतील फार मोठा हिस्सा दख्खनी किंवा दख्खनी रक्ताचा आहे. परंतु लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी अशा ज्या उपजाती पूर्वी वेगवेगळ्या ओळखू येत होत्या, त्यांचे निर्भेळ कळप आता शोधावे लागतात. सांगोला, मंगळवेढा आणि जत या पट्ट्यात हे विशेष जाणवते, कारण शेजारीच जत तालुक्यात माडग्याळ मेंढीचे माहेर आहे. माडग्याळ मेंढी उंच, लांब मानेची, पोपटासारख्या बाकदार नाकाची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली असते. तिचे कोकरू जन्मतः वजनदार असते आणि झपाट्याने वाढते. मटणाला भाव आल्यापासून बहुतेक मेंढपाळांनी आपल्या काळ्या मेंढ्यांना माडग्याळ एडके लावले, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण लोकरीला गिऱ्हाईक उरले नव्हते आणि कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त होऊ लागली होती. नामांकित माडग्याळ एडक्यांना लाखांत बोली लागल्याच्या बातम्या या भागात घरोघरी चर्चिल्या जातात. कर्त्या पुरुषाचा पहिला विचार साहजिकच माडग्याळचा होता.

दुसरा पर्याय फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नारी सुवर्ण मेंढीचा होता. सुंदरबनातील गरोल या बुटक्या मेंढीत असलेले जुळ्यांचे जनुक दख्खनीत आणून ही मेंढी तयार झाली. ज्याला ठरावीक जागेत जास्त कोकरे हवी आहेत आणि जो आईच्या दुधाची व खुराकाची नीट व्यवस्था करू शकतो त्याच्यासाठी ती उत्तम आहे. मात्र जुळी कोकरे जगवायला चारा नियमित लागतो आणि या कुटुंबाकडे उन्हाळ्यातील चार महिने तो नव्हता.

काळ्या सोलापुरी मेंढीकडे त्यांना वळवले ते दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे या मेंढीचा काटकपणा. प्रौढ मेंढीचे वजन २५ ते ३० किलोच्या दरम्यान राहते, ती कुसळी गवतावर आणि बाभळीच्या शेंगांवर तग धरते आणि उन्हात लांब चालते. दुसरी म्हणजे आक्कांचे सूत. घोंगडीसाठी लागणारी नैसर्गिक काळी लोकर मिळेनाशी झाल्यामुळे त्यांच्या ओळखीच्या सनगर विणकरांना ती दुरून आणावी लागत होती. माझ्या मते दुसऱ्या कारणाला त्यांनी सुरुवातीला जरा जास्त वजन दिले, त्याचा हिशोब पुढे येईल. निर्णय मात्र योग्य होता. जी जात मोठ्या कळपांतून संकरामुळे पातळ होत आहे, ती घरबसल्या, हिंडण्याचा दबाव नसलेल्या लहान कळपात जपता येते. मोठ्या वाड्याला दर वर्षी बाजाराच्या ओढीने एडका बदलावा लागतो, तसे बंधन या कुटुंबावर नव्हते.

अनुदानाचाही विचार झाला. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत भटक्या जमाती (क) प्रवर्गातील लाभार्थ्यांना २० मेंढ्या व १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. राष्ट्रीय पशुधन अभियानातील उद्योजकता घटक १०० मेंढ्या व ५ नरांपासून सुरू होतो, म्हणजे तो या आवाक्यातील नव्हता. महामेषमध्ये अर्ज करायचा की नाही यावर घरात बरेच बोलणे झाले. शेवटी असे ठरले की पहिला गट स्वतःच्या पैशाने, एकेक मेंढी निवडून घ्यायची आणि जात स्थिरावल्यानंतरच अनुदानाकडे पाहायचे. गटाने खरेदी करताना वीस सारख्या काळ्या मेंढ्या एका जागी मिळणे कठीण असते आणि संख्या पुरी करण्यासाठी मग हाती लागेल ते घेतले जाते, हे त्यामागचे कारण होते. अनुदान नाकारण्याचा सल्ला मी सर्वांना देणार नाही. दुर्मिळ जातीच्या बाबतीत मात्र संख्येपेक्षा निवड आधी यावी.

खरेदी

सांगोल्याचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध असला तरी मेंढ्या तिथून घेतल्या नाहीत. बाजारात आलेल्या मेंढीची आई कोण, बाप कोण, ती का विकली जात आहे, यांपैकी काहीच कळत नाही आणि वेगवेगळ्या कळपांतील जनावरे एकत्र आल्याने रोगाचा धोका वाढतो. त्याऐवजी कुटुंबाने हुलजंतीच्या यात्रेचा उपयोग करून घेतला. मंगळवेढा तालुक्यातील हुलजंती येथे दिवाळीच्या अमावास्येला महालिंगराया आणि बिरोबा यांच्या पालख्यांची भेट होते आणि त्या निमित्ताने दूरदूरचे मेंढपाळ एकत्र येतात. तिथे मेंढ्यांचा सौदा झाला नाही, पण काळी मेंढरे अजून कोणाकडे शिल्लक आहेत याची माहिती मिळाली. पुढच्या महिन्याभरात तीन वेगवेगळ्या वाड्यांवर जाऊन प्रत्येकी चार मेंढ्या निवडल्या गेल्या. तीन ठिकाणांहून घेण्यामागे हेतू हा होता की बाराही मेंढ्या एकमेकींच्या बहिणी निघू नयेत.

निवडीत पहिली कसोटी दातांची होती. दोन दात आलेली मेंढी साधारण एक ते दीड वर्षाची, चार दातांची दोन वर्षांच्या पुढची, आणि आठही दात जुळलेली मेंढी चारेक वर्षांची धरतात. कुटुंबाने चारदाती आणि सहादाती मेंढ्या घेतल्या, म्हणजे एकदा तरी व्यालेल्या आणि पुढे चार-पाच वेत देऊ शकतील अशा. त्यानंतर कास हाताने चाचपून तिच्यात गाठ नाही ना हे पाहिले, खूर पाहिले आणि डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू लाल आहे की फिकट हे पाहिले. रंगाची कसोटी सगळ्यांत शेवटी आली आणि ती तशीच यायला हवी. काळा रंग म्हणजे शुद्ध जात नव्हे. माडग्याळ रक्त मिसळलेली मेंढीही काळी असू शकते. तिचे लांब पाय, बाकदार नाक आणि अंगावर लोकरीऐवजी चपटे आखूड केस यांवरून ते ओळखावे लागते. पाठीवरची लोकर बोटांनी उलगडून थेट कातडीपर्यंत पाहणे हा त्यातला सोपा उपाय.

आणलेल्या मेंढ्या तीन आठवडे घराच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या बांधल्या गेल्या. गावातल्या दुसऱ्या मेंढ्यांशी त्यांचा संबंध येऊ दिला नाही. त्यांच्यापैकी चार गाभण होत्या आणि त्यांची कोकरे अर्थातच विकणाऱ्यांच्या एडक्यांची होती.

एडक्याचा प्रश्न

पहिला एडका उन्हाळ्यात, आषाढाच्या आधी घेतला. तो दिसायला देखणा होता, पूर्ण काळा, शिंगे नीट वळलेली, आणि विकणाऱ्याने तो आपल्याच कळपातला असल्याचे सांगितले होते. आषाढ-श्रावणात, पहिल्या पावसाचे गवत फुटल्यावर, त्याला मेंढ्यांत सोडले. मेंढी गाभण राहिली नाही तर साधारण १७ दिवसांनी पुन्हा माजावर येते आणि गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो, त्यामुळे दोन फेऱ्या धरून पाच-सहा आठवडे एडका आत ठेवला आणि नंतर वेगळा केला. मार्गशीर्षात वेत सुरू झाले आणि अकरा कोकरे जन्मली. त्यातील चार कोकरांच्या अंगावर तपकिरी-पांढरे पट्टे होते, पाय लांब होते आणि नाक आईपेक्षा स्पष्टपणे बाकदार होते. आया तिन्ही वाड्यांमधल्या होत्या, त्यामुळे दोष एखाद्या आईचा म्हणता येईना. खाण तशी माती हे खरे, पण इथे खाणीचा वरचा थर काळा आणि खालचा वेगळा निघाला. एडक्याच्या एका-दोन पिढ्या मागे माडग्याळ रक्त असले पाहिजे, असाच निष्कर्ष काढावा लागला.

इथे घरात मतभेद झाला, आणि तो या प्रकरणाचा गाभा आहे. कर्त्या पुरुषाचे म्हणणे होते की पट्टेवाली चार कोकरे विकावीत आणि उरलेल्या सातांपैकी ज्या काळ्या पाटी (मादी कोकरे) आहेत त्या कळपात ठेवाव्यात, कारण त्या सुंदर वाढत होत्या. त्याच्या पत्नीला ते पटत नव्हते. माझा कौल तिच्या बाजूने पडला. प्रत्येक कोकराला निम्मे गुण बापाकडून येतात. ज्या कोकरांत मिसळीची खूण दिसली त्यांच्यातच ती आहे आणि ज्यांच्यात दिसली नाही त्यांच्यात ती नाही, असे म्हणता येत नाही. काळ्या दिसणाऱ्या पाटींच्या पोटी पुढच्या पिढीत तेच नाक आणि तेच पाय पुन्हा उभे राहू शकले असते आणि तोवर त्या रक्ताने निम्मा कळप व्यापला असता. शेवटी त्या एडक्याची सर्व अकरा कोकरे, काळ्या पाटींसह, विकण्यात आली. एडकाही विकला. जात जपायची म्हटल्यावर मोह होतील असे प्रसंग येतातच, आणि वर्षाचे उत्पन्न हातचे न गमावता, फक्त वाढवण्यासाठी ठेवायची कोकरे सोडून देऊन तो निर्णय घेता आला, हे या कुटुंबाच्या पथ्यावर पडले.

दुसरा एडका निवडताना पद्धत उलटी केली. आधी एडका न पाहता त्याची आदल्या वर्षीची कोकरे पाहिली. एका वयोवृद्ध मेंढपाळाच्या वाड्यावर, ज्याने माडग्याळ एडका आपल्या कळपात कधीच येऊ दिला नव्हता, एका एडक्याची डझनावारी कोकरे एका जागी पाहता आली. ती एकसारखी काळी, आखूड पायांची आणि दाट लोकरीची होती. त्याच एडक्याचा दोन दात आलेला मुलगा कुटुंबाने घेतला.

तरीही मूळ प्रश्न सुटला नव्हता, फक्त पुढे ढकलला गेला होता. एका एडक्यावर चालणाऱ्या कळपात दोन वर्षांत त्याच्या लेकी माजावर येतात. बापाची लेकीशी जोडी लागली तर होणाऱ्या कोकरात जवळच्या नात्याचा अंश २५ टक्के होतो. याचा परिणाम कमकुवत कोकरे, रिकाम्या राहणाऱ्या मेंढ्या आणि कमी वजन अशा रूपांत दिसू लागतो. किती मेंढ्या आहेत यापेक्षा किती एडके आहेत हे इथे निर्णायक ठरते. अमेरिकी शास्त्रज्ञ सीवॉल राइट यांनी १९३१ मध्ये मांडलेले एक सूत्र यासाठी वापरतात. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, आणि त्याला एकूण नर-माद्यांच्या संख्येने भागायचे. बारा मेंढ्या आणि एक एडका असेल तर उत्तर ३.७ येते. म्हणजे रक्ताच्या दृष्टीने हा तेरा जनावरांचा कळप जेमतेम चार जनावरांसारखा वागतो आणि प्रत्येक पिढीत जवळच्या नात्याचा अंश सुमारे साडेतेरा टक्क्यांनी वाढतो. मेंढ्या बाराच्या चोवीस केल्या आणि एडका एकच ठेवला तरी उत्तर ३.८ एवढेच होते. हा आकडा पाहिल्यावर कर्त्या पुरुषाचा, पुढच्या वर्षी आणखी बारा मेंढ्या घेण्याचा बेत रद्द झाला.

उपाय शेजारात होता. काळ्या मेंढ्या ठेवणारी आणखी तीन घरे, त्यातील दोन वर्षातून काही महिने वाडा घेऊन हिंडणारी आणि एक स्थायिक, यांच्याशी बोलणी झाली. चारही घरांनी आपापला एक एडका ठेवायचा आणि दर दोन हंगामांनी तो ठरलेल्या दिशेने पुढच्या घराला द्यायचा. मेंढ्या कोणीही कोणाला द्यायच्या नाहीत, फिरायचा तो एडकाच. चार घरांत मिळून अठ्ठेचाळीस मेंढ्या आणि चार एडके धरले तर त्याच सूत्राचे उत्तर पंधराच्या जवळ जाते आणि प्रत्येक पिढीतील वाढ साडेतीन टक्क्यांखाली येते. तरीही ती शून्य होत नाही. म्हणून आठ-दहा वर्षांनी बाहेरच्या, दूरच्या कळपातून नवे रक्त आणावे लागेल, हे सर्वांना आधीच सांगितले आहे.

या फेऱ्यातली कळीची गोष्ट दोन वर्षांची मर्यादा आहे. एडक्याची पहिल्या हंगामातील लेक दीड वर्षाची होऊन कळपात यायच्या आत तो एडका पुढच्या घरी गेला पाहिजे. एखाद्या घराला तो आवडला म्हणून तिसऱ्या वर्षी थांबवला की साखळी तुटते. हिंडणाऱ्या दोन घरांच्या बाबतीत अडचण अशी होती की आषाढात त्यांचा वाडा नेमका कुठे असेल हे सांगता येत नाही. म्हणून एडक्यांची अदलाबदल दिवाळीला, हुलजंतीच्या यात्रेच्या वेळी करायची असे ठरले, कारण त्या दिवशी चारही घरे तिथे असतातच.

चारा आणि आजार

चाऱ्याचा हिशोब मी त्यांच्यासोबत कागदावर मांडला. २८ किलोच्या मेंढीला वजनाच्या साडेतीन टक्के, म्हणजे रोज साधारण एक किलो कोरडा चारा लागतो. तेरा जनावरांना उन्हाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे दीड टन. यातील निम्मे चरून मिळेल असे धरले तरी पाऊण टन साठवावा लागतो. ज्वारीचा कडबा घरचा होता, परंतु मेंढी जाड ताटे टाकून देते आणि पाल्यावरच ताव मारते. त्यामुळे तुरीचे भुसकट, मटकीची गुळी आणि हरभऱ्याचा भुसा यांना प्राधान्य दिले आणि कडबा बैलांसाठी राखला. बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा करून ठेवल्या, त्या फार उपयोगी पडल्या. एडका सोडण्याआधी तीन आठवडे प्रत्येक मेंढीला रोज पाव किलो भरडा दिला, कारण त्या काळात अंगात भर असेल तर मेंढी नक्की माजावर येते आणि गाभ धरते.

दोन गोष्टींपासून जपावे लागले. पावसाने ताण दिल्यावर सुकलेली कोवळी ज्वारी आणि कापणीनंतर बुडख्यांना फुटलेले हिरवे फुटवे विषारी असतात, त्यामुळे अशा रानातून मेंढ्या नेणे टाळले. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. गाई-म्हशींसाठी बनवलेले क्षार मिश्रण मेंढ्यांना देऊ नये, कारण त्यातील तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि काही आठवड्यांनी अचानक विषबाधा होऊन कॉफीच्या रंगाची लघवी होते व मेंढी दगावते. या घरात गाईसाठी आणलेली पिशवी मेंढ्यांच्या दावणीजवळच ठेवलेली होती, ती हलवायला लावली. मेंढ्यांसाठीचे मिश्रण वेगळे मिळते.

आजारांत खरा फटका आंत्रविषाराने, म्हणजे आतड्यातील जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या आजाराने, दिला. दुसऱ्या वर्षी, जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यानंतर आठ दिवसांत तीन धडधाकट कोकरे एकापाठोपाठ एक गेली. सकाळी चरत होती आणि दुपारी पाय झाडून मेली. शवविच्छेदनात आंत्रविषाराचे निदान झाले. मे महिन्यात लशीची पहिली मात्रा दिली होती, पण दोन-तीन आठवड्यांनंतरची दुसरी मात्रा पेरणीच्या धांदलीत राहून गेली होती आणि पहिल्यांदाच लस घेणाऱ्या कोकरांना एका मात्रेने पुरेसे संरक्षण मिळत नाही. शिवाय गाभण मेंढीला व्यायच्या महिनाभर आधी ही लस दिली की चिकातून कोकराला पहिल्या काही आठवड्यांचे संरक्षण मिळते. आता ती तारीख पेरणीच्या हिशोबाने नव्हे तर कॅलेंडरवर लिहून ठेवली जाते. पीपीआर या विषाणूजन्य आजाराची लस तीन वर्षांतून एकदा, चार महिन्यांवरील सर्व कोकरांना दिली आहे. पावसाळ्यानंतर चिलटांमुळे पसरणाऱ्या निळ्या जिभेच्या आजाराची भीती असते, म्हणून संध्याकाळी गोठ्याजवळ कडुनिंबाचा धूर केला जातो आणि सांडपाणी साचू दिले जात नाही.

जंतांसाठी सर्व मेंढ्यांना एकदम औषध पाजण्याची जुनी सवय बदलली. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या पद्धतीप्रमाणे पापणीच्या आतला रंग पाहून, जी फिकट दिसते तिलाच औषध दिले जाते. सर्वांना वारंवार पाजल्याने जंत औषधाला दाद देईनासे होतात. चपट्या कृमींचा प्रश्न या गावात नाही. उजनीच्या कालव्याखालच्या गावांत ज्यांचे मेंढरू ओलसर, गोगलगायी असलेल्या काठावर चरते, त्यांनी मात्र त्यासाठी वेगळे औषध विचारावे.

रात्रीच्या संरक्षणासाठी वाघर (दोरीची जाळी) आणि काटेरी कुंपण दोन्ही वापरले आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माळरानांवर लांडगे आजही आहेत आणि ते असायला हवेत. लांडगा कायद्याने संरक्षित आहे. एखादी मेंढी गेली तर वनविभागाला तातडीने कळवून पंचनामा करून घेतला की भरपाई मिळू शकते, हे प्रत्येक मेंढपाळाला माहीत असले पाहिजे. या कुटुंबाची एकही मेंढी आजवर लांडग्याने नेलेली नाही.

लोकर आणि हिशोब

लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते आणि एका मेंढीपासून वर्षाला अर्धा ते पाऊण किलो मिळते. म्हणजे तेरा जनावरांपासून सात-आठ किलो. एका घोंगडीचे वजनच दोन-अडीच किलोच्या घरात जाते. म्हणजे पूर्ण कळपाच्या वर्षभराच्या लोकरीतून तीन घोंगड्या होतात, आणि सूत कातण्याचे व चिंचोक्याच्या खळीत भिजवण्याचे श्रम वेगळेच. हा हिशोब सुरुवातीलाच मांडला असता तर लोकरीवर संसार चालेल ही अपेक्षा कुणी बाळगली नसती. आज उत्पन्नाचा मोठा भाग नर कोकरांच्या विक्रीतून येतो आणि काही भाग लेंडीखतातून, जे आता गावातल्याच शेतकऱ्याला डाळिंबाच्या नव्या बागेसाठी दिले जाते. काळ्या कोकराचे वजन माडग्याळपेक्षा कमी भरते, त्यामुळे प्रत्येक कोकरामागे मिळणारा पैसाही कमी असतो. हे मान्य करून कुटुंब पुढे जात आहे. त्यांच्या बाजूने जमेच्या दोन गोष्टी आहेत. खुराक जवळजवळ विकत घ्यावा लागत नाही आणि मेंढ्या मरण्याचे प्रमाण कमी आहे.

असे असूनही लोकर टाकून देण्याजोगी नाही. कोकरांची पहिली कातर, जिला जावळ म्हणतात, मऊ असते आणि तिच्या घोंगडीला वेगळा मान आहे. आक्का आता ही जावळाची लोकर बाकीच्या लोकरीपासून वेगळी धुऊन, वेगळी कातून विणकराकडे देतात. पूर्वी सगळी लोकर एकत्र केली जात होती. चारही घरांची लोकर एकत्र करून एकाच विणकराला देण्याची कल्पना त्यांनीच मांडली, कारण सात किलोसाठी विणकर माग मांडत नाही, पण तीस किलोसाठी मांडतो. एडक्यांच्या फेऱ्यासाठी जी चार घरे जोडली गेली तीच लोकरीसाठीही उपयोगी पडली.

सध्याची स्थिती अशी. दुसऱ्या एडक्याची पहिली नऊ कोकरे जगली असून सर्व काळी, आखूड पायांची आणि लोकरीची आहेत. त्यातील पाच पाटी ठेवल्या आहेत आणि येत्या आषाढात त्यांना एडका लागू नये म्हणून हंगामाचे पाच-सहा आठवडे त्या वेगळ्या चारल्या जातील, कारण सहा-सात महिन्यांच्या पाटी गाभण राहिल्या तर त्यांची वाढ खुंटते. प्रत्येक जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला आहे आणि घरच्या वहीत त्या बिल्ल्यासमोर आई, बाप, जन्मतारीख, जन्माचे वजन, कातरलेली लोकर आणि शेवटी ते जनावर कुठे गेले हे लिहिले जाते. वही कर्त्या पुरुषाची पत्नी सांभाळते. चारपैकी तीन घरांनी अशी वही सुरू केली आहे. चौथे घर हिंडते आणि तिथे लिहिणारे कोणी नाही, म्हणून त्यांच्या नोंदी दर यात्रेला तोंडी विचारून इतर घरांच्या वहीत उतरवून घ्यायचे ठरले आहे. येत्या दिवाळीच्या अदलाबदलीत त्या घरचाच एडका सांगोल्यात येणार असल्याने त्याच्या मागील दोन हंगामांतील कोकरे आधी पाहून घेण्यासाठी कुटुंब पावसाळा संपताच त्यांच्या वाड्यावर जाणार आहे.